चेहरे ओसाकाला, पाय क्योतोला

शोतोकु वर्ष पहिलं, नववा महिना, दुसरा दिवस
क्योतो

ओसाकाच्या मोहेई चित्रकारांच्या घरच्या बाईंस,

हवेत गारवा आला. तुमच्याकडे समुद्र आहे, त्यामुळे तुम्हाला अजून कळलं नसेल.

कामाचं लिहिते. कोरियाचे राजदूत या महिन्यात ओसाकाला उतरतील, नदीने वर येतील आणि क्योतोतून पुढे एदोला शोगुनसाहेबांच्या भेटीला जातील. हे तुम्हाला ठाऊक असणारच. रस्त्यावरच्या माड्या भाड्याने द्यायला ओसाकाकरांनी आतापासून सुरुवात केली असेल. त्या मिरवणुकीची एक लांब चित्रगुंडाळी सरदारांना हवी आहे. राजदूत एदोहून परत येईपर्यंत ती तयार व्हायला पाहिजे, म्हणून कारभाऱ्यांनी काम दोन घरांत वाटलं. पुढचा भाग, म्हणजे निशाणं, वाजंत्री, पालख्या आणि स्वतः राजदूत, तुमच्याकडे. मागचा भाग, म्हणजे घोडे, हमाल आणि सामानाच्या पेट्या, बाबांच्या चित्रशाळेकडे, म्हणजे माझ्याकडे. कारभारी माझ्या तोंडावर म्हणाले, "चेहरे ओसाकाला, पाय क्योतोला." आणि हसले. मीही हसले. त्यांना चहा दिला.

काम मोहेईंच्या नावावर गेलं असलं तरी त्यांच्याकडचे चेहरे कोणाच्या हातचे असतात ते बाजाराला माहीत आहे. मला तर माहीत आहेच.

दोन्ही भाग आमच्याकडे जोडले जातील, कारण गुंडाळ्या चिकटवण्याच्या कामात माझ्या यजमानांचा, गेनशिचींचा, हात धरणारा कोणी नाही. तेव्हा मापं नीट पाळा. टोपी सोडून माणूस सहा बोटं उंच. जमिनीची रेघ खालच्या कडेपासून दोन बोटांवर. तुमची माणसं राजवाड्यात चालतायत आणि माझी खड्ड्यात, असं दिसायला नको.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मागच्या मिरवणुकीच्या वेळी बाबांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून केलेली कच्ची चित्रं उंदरांनी खाल्ली. आणि बाबा तुमची आठवण काढत नाहीत.

ताझु


नवव्या महिन्याची अखेर

सायो,

बरं, 'बाई' म्हणणार नाही. एवढं चार ओळींचं रडगाणं लिहायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी मोहेईबरोबर फुशिमीच्या धक्क्यावरून पळून गेलीस तेव्हा बाबांचा सगळ्यांत चांगला कुंचला कमरेला खोचून नेलास. तो परत केलास की 'ताई' म्हण हवं तर.

मिरवणूक काल इथून गेली. मी वाणसामानाच्या दुकानापुढे जागा धरली होती. बाबांना नेलं नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता धुकं आहे. गर्दीत धक्के खायचे आणि दिसायचं काहीच नाही, कशाला? ते ओसरीवर बसून लांबून तुताऱ्या ऐकत होते. मी परत आले तर पहिला प्रश्न काय असावा? "चेहरे ओसाकाला गेले म्हणे?" मी म्हटलं, "गेले. पाय आपल्याकडे आहेत." ते म्हणाले, "हं."

तुला मागची मिरवणूक आठवते असं लिहिलंस. किती सुंदर चेहरे, किती रंग, एक वाजंत्रीवाला तुझ्याकडे बघून हसला वगैरे. आठवणारच. तू बाबांच्या खांद्यावर बसली होतीस. पाच वर्षांची घोडी, आणि खांद्यावर! मी नऊ वर्षांची, म्हणजे मोठी, म्हणून खाली. तू वरून वाकून बाबांच्या कानात काहीतरी विचारत होतीस, बाबा तोंड वर करून उत्तर देत होते आणि तुम्ही दोघं खिदळत होतात. मला खाली एक अक्षर ऐकू येत नव्हतं. लोकांच्या कमरा आणि त्यामधून जाणारे पाय, बास. घोड्यांचे, भोयांचे, हमालांचे. मी बाबांच्या अंगरख्याचं टोक धरून तासन्‌तास पाय बघितले.

म्हणून आज सबंध क्योतोत माझ्यासारखा घोड्याचा पाय कोणी काढत नाही. कारभाऱ्यांना हे ठाऊक नाही, पण काम त्यांनी बरोबर वाटलंय.

जोडाचं ठरवू या. तुझ्या भागातला शेवटचा माणूस मोतद्दार असू दे, हातात लगाम. घोडा माझ्याकडे. लगामाची दोरी जोडावरून इकडे येईल. दोरी कुठल्या उंचीवर सोडतेस ते कळव.

ताझु


दहावा महिना, अकरावा दिवस

सायो,

दोरीची उंची मिळाली. ठीक आहे.

तुझा डबाही मिळाला. तुमचा तो नावाडी दारातूनच बोंबलतो, "ओ क्योतोवाल्या बाई! बहिणीनं वड्या दिल्यात. तोंड गोड करा म्हणाली, लई दिवस कडू आहे म्हणाली!" सगळी आळी बाहेर आली. हे तू म्हणालीस, की त्याने पदरचं घातलं? मी त्याला म्हटलं, "आमच्याकडे हळू बोलतात." तर म्हणतो कसा, "म्हणूनच तुम्हाला आठ-आठ वर्षं काही ऐकू जात नाही." असली माणसं तुमच्याकडेच निपजतात.

वड्यांचं म्हणशील तर बाबांना दात उरलेले नाहीत. तरी एक तुकडा गालात धरून संध्याकाळपर्यंत बसले. कुठून आणल्यास म्हणाले. मी म्हटलं, गिओनच्या दुकानातून. ते म्हणाले, "गिओनच्या एवढ्या कडक नसतात." रात्री डबा उशाशी घेऊन निजले. लाकूड चांगलं आहे, म्हणून असेल.

तू पुन्हा तोच प्रश्न विचारला आहेस. बाबांनी तू गेलीस त्या दिवशी सांगितलं होतं की या घरात तिचं नाव कोणी घ्यायचं नाही. मी घेत नाही. त्यांच्याबद्दल मी काय सांगू? म्हातारं माणूस आहे, दिवसभर काहीबाही बडबडतं. भात मऊ लागतो, पाणी कोमट लागतं, पाठ चोळून लागते. हे सगळं कोण करतं ते तू विचारत नाहीस.

इकडे यायचं मनात आहे असं शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस. बाबांना त्रास होईल. येऊ नकोस.

ताझु


अकरावा महिना, सहावा दिवस
(हे पाठवणार नाही.)

सायो,

तुझा भाग आज आला. गेनशिचींनी हात धुतले, पाट पुसला आणि उलगडला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघितला. पंचवीस वर्षं चित्रं चिकटवणारा माणूस, थोरामोठ्यांची चित्रं हाताखालून गेलेली. शेवटी म्हणाले, "अरे बापरे." माझ्या घोड्यांना ते "छान" म्हणाले होते.

जळते मी, सायो. कागदावर लिहून बघितलं, तरी तेवढीच जळते.

तुतारीवाल्याचा फुगलेला गाल बघितला, एकच कान लाल झालेला. दुभाषा शिंक दाबतोय. आणि तो निशाणवाला! त्याचा जोडा चावतोय, आणि ते तू त्याच्या भुवईत दाखवलंस, जोडा अंगरख्याखाली झाकून टाकून. मी असते तर जोडा काढला असता, टाच काढली असती, टाचेवरचा फोड काढला असता, आणि तरी लोकांना कळलं नसतं. तू एक भुवई उचललीस आणि झालं. कोणी शिकवलं तुला? बाबांनी मला त्याच चटईवर बसवून, त्याच शाईने शिकवलं. मग माझी माणसं सगळी टोपी पुढे ओढून का चालतात?

तासाभराने मला पालखी दिसली.

तुझ्या भागाच्या मधोमध, देवळीसारखी छोटी पालखी, तिच्यापुढे-मागे सगळ्यांच्या माना झुकलेल्या. बरोबर, सगळ्यांत मोठा मान तिचाच. पण तू तिचा पडदा अर्धा गुंडाळून वर केलास आणि आत माणूस बसवलास. बोटभर माणूस. सोनेरी कोट, मांडी घातलेली, वर मिशी.

सायो, त्या पालखीत माणूस नसतो. कोरियाच्या राजाने शोगुनसाहेबांना लिहिलेलं पत्र असतं. मागच्या वेळी भोयांनी आमच्यासमोरच ती टेकवली होती, खांदे बदलायला. वाऱ्याने पडद्याची कड हलली आणि मी खालून बघितलं. आत लाल पेटी होती, रेशमी दोरीने बांधलेली. खांद्यावर बसलेल्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं.

आता पुढे काय होणार ते मला स्पष्ट दिसतंय. आपल्याला मिळालेल्या यादीत नुसतं 'पालखी' लिहिलंय. सगळं जोडून झालं की सरदारांच्या कचेरीतला लेखनिक येईल आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात तो कोण ते लिहील. त्या पालखीवर तो लिहील 'राजपत्र', आणि खाली तुझा मिशीवाला बसलेला असेल. आधी कचेरी हसेल, मग चिडेल. एका राजाच्या पत्राची दुसऱ्या राजाच्या दारात टिंगल केली म्हणतील. मोहेईंना त्यानंतर कोणी दुकानाची पाटीसुद्धा रंगवायला देणार नाही. तुझे चेहरे तिथेच संपतील.

तुझ्या भागावर तुमचा शिक्का आहे, माझ्या भागावर आमचा. मला कोणी विचारणार नाही. मला काही करायचंच नाहीये, नुसतं गप्प बसायचंय. आणि गप्प बसायला मी लहानपणापासून शिकले आहे.


अकरावा महिना, पंधरावा दिवस

सायो,

आधी सोबतचं पत्र वाच, सहाव्या दिवसाचं. ते पाठवणार नव्हते. वाचून झालं? पाणी पी, आणि मग हे वाच. पालखीचं काळजीचं कारण उरलेलं नाही, एवढं आधीच सांगते, नाहीतर तू मधल्या ओळी खाऊन टाकशील.

चार दिवसांपूर्वी दुपारी बाबा म्हणाले, "गुंडाळी आली ना? वाच मला."

मी म्हटलं, "चित्र काय वाचतात?"

"डोळे तुझे, कान माझे. वाच."

मी त्यांना पाटापाशी बसवलं आणि तुझ्या भागापासून सुरुवात केली. निशाणवाला सांगितला, जोडा सांगितला, भुवई सांगितली. ते मान हलवत होते. तुतारीवाल्याचा कान सांगितला तर म्हणाले, "एकच लाल?" मी म्हटलं, "एकच." म्हणाले, "बरोबर. उन्हाकडचा." मला तेव्हा कळलं तो कान लाल का आहे.

मग मी पालखीपाशी आले आणि थांबले.

"पालखी आली का?" बाबांनी विचारलं.

"आली."

"मग? आत काय?"

मी गप्प बसणार होते ना? पण मला वाटलं, कळू दे यांना एकदाचं. मी म्हटलं, "आत तुमच्या लाडकीनं बोटभर माणूस बसवलाय. मिशीसकट."

बाबा हललेसुद्धा नाहीत. मला वाटलं, आता चिडतील. आणि मग ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, पाट धरून हसले. गेनशिची आतून धावत आले, त्यांना वाटलं काही झालं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, "मिशी! मिशी मीच सांगितली होती गं तिला!"

तू खांद्यावरून विचारलं होतंस, आत कोण आहे? पडदा बंद. बाबांनी ठोकून दिलं, "राजा आहे. भोयांचे खांदे दुखू नयेत म्हणून बोटाएवढा होऊन आलाय." तू विचारलंस, "मिशी आहे?" बाबा म्हणाले, "तर! मिशीशिवाय राजा असतो का?" तेच तुम्ही खिदळत होतात. आणि तू, गाढवे, चौतीस वर्षांची होऊन, नवऱ्याची चित्रशाळा चालवून, अजून ते खरं धरून बसली आहेस! मी ती पेटी कसली ते बाहेर चारचौघांत विचारून घेतलं. तू कोणाला विचारलं नाहीस, कारण बाबांनी सांगितलं म्हणजे झालं.

हसून झाल्यावर बाबांनी तोंड पुसलं आणि मला विचारलं, "तू कुठे होतीस गं तेव्हा?"

मी म्हटलं, "तुमच्या पायाशी. अंगरखा धरून."

"हो?" म्हणाले. आठवून बघत होते. आठवलं नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चेहरे काढता येत नसले तरी वाचता येतात मला.

थोड्या वेळाने म्हणाले, "मग आत माणूस नसतो हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. टेकवली तेव्हा खालून दिसलं. लाल पेटी, रेशमाची दोरी."

"मला तर कचेरीतल्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोरी रेशमाची होती?" मी म्हटलं, "जांभळी." मग ते म्हणाले, "तुझे घोडे वाच."

मी वाचले. सगळे वाचले, सायो. दगडावर पाय ठेवण्याआधी अंदाज घेणारा वाचला, पायातला गवताचा जोडा सैल झालेला वाचला, ज्याच्या पाठीवर ओझं एका बाजूला कललंय तो. बाबा बोटांनी पाटाच्या कडेवर टापा धरत होते. एका घोड्यापाशी म्हणाले, "हा माझ्या कच्च्या चित्रांत नव्हता." मी म्हटलं, "नव्हता. हा माझा आहे." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

बोलले. म्हणाले, "सायोला दाखवलास का हा?"

मी उठले आणि भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या दगडाची पूड सरसात कालवली, घट्ट, आणि तुझ्या पालखीचा पडदा खालपर्यंत आणला. बांबूची एक-एक काडी रेखली. तुझी रेघ कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते ते मोहेईंना भिंग घेऊन बसले तरी सापडणार नाही. तुझ्या माणसाला मी खरवडलं नाही. तो आत बसलाय, कोटासकट, मिशीसकट. काल लेखनिक आला, वर 'राजपत्र' लिहून चहा पिऊन गेला. म्हणाला, पडदा फार सुरेख झालाय. कोणी काढला, ते मी सांगितलं नाही.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुला हसले असते तर मला चालणार होतं, तसं मी ठरवलंही होतं. पण त्या बोटभर राजाला कचेरीतली माणसं हसली असती ते मला चाललं नसतं. तो बाबांचा आहे. मला कधी मिळाला नाही. निदान झाकायला तरी मिळाला.

आता उरलेलं. उंदरांनी खाल्लेली कच्ची चित्रं या पत्राबरोबर पाठवते. उंदीर सभ्य होते, एक कोपरासुद्धा कुरतडलेला नाही.

आणि बाबा तुझी आठवण काढतात. सकाळी उठल्यावर, जेवताना, पाठ चोळताना. मी पाठ चोळते आणि ते म्हणतात, "सायोचा हात हलका होता." नाव घ्यायचं नाही हा नियम त्यांनी घातला, तो घरात मी एकटी पाळते. हे मी तुला आजवर कळू दिलं नाही, कारण तेवढं एक माझ्या हातात होतं.

ताझु


बारावा महिना, पहिला दिवस

सये,

तुझं पत्र वाचलं. शाई इतकी फुटली आहे की निम्मं लागलंच नाही. रडायचं असेल तर कागद बाजूला ठेवून रडावं.

राजदूत एदोहून निघाले. आठवड्याभरात इथून परत जातील. फुशिमीपर्यंत नावेने ये, तिथून पुढे पायी. तो बोंबल्या नावाडी असेल तर आमच्या आळीत तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दे. मोहेईंनाही आण. बाबा त्यांच्याशी दोन दिवस बोलणार नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांना शाई घोटायला बसवतील. कुंचला विसरू नकोस.

बाबांना सांगितलंय. तेव्हापासून मला तीनदा विचारून झालं, मिरवणूक बघायला नेशील ना? म्हटलं, दिसणार काय तुम्हाला? तर म्हणतात, वाचून दाखव. गेनशिची म्हणाले, मी घेतो त्यांना पाठीवर. मी नको म्हटलं. बाबा आता अगदी हलके झालेत, तांदळाच्या पोत्याएवढेही नाहीत. मी घेणार पाठीवर. त्यांचं तोंड माझ्या कानाशी येईल, आणि पालखी आली की मी त्यांना विचारणार, आत कोण आहे?

तू खाली उभी राहा. माझ्या अंगरख्याचं टोक धर आणि घोड्यांचे पाय बघ.

ताई